उद्घाटनाची मॅच आम्हालाही खेळायची असते

प्रति,
पुणे जिल्ह्यात गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरवणारी मंडळं, चषकांचे आधारस्तंभ आणि पत्रिकेवर ज्यांचे फोटो छापून येतात ते सर्व सन्माननीय प्रमुख पाहुणे यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

भात कापून झालं, झोडणी उरकली, पेंढा रचून झाला. म्हणजे आता आपले फ्लेक्स लागायला सुरुवात होणार. मुळशी, मावळ, भोरकडे जून ते ऑक्टोबर मैदान नावाची वस्तूच नसते. जिकडे बघावं तिकडे चिखल, नाहीतर उभं पीक. दिवाळीनंतर खाचरं रिकामी होतात, वरची ओल सुकते आणि डिसेंबरच्या तोंडावर पहिला चषक जाहीर होतो. चषक कोणाच्या नावाचा, फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा आणि कोणाचा कोपऱ्यात, याच्याशी आम्हा खेळणाऱ्यांना काही देणंघेणं नसतं. पत्रिका हातात आली की आम्ही थेट खालच्या बाजूला जातो. प्रवेश फी किती, ओव्हर किती, आणि आपली मॅच कितीची.

मी मुळशी तालुक्यातल्या एका छोट्या गावच्या संघाचा स्कोअरर आहे. गुडघा बोलायला लागल्यापासून बॅट सोडली आणि वही धरली. वहीवाल्याला कोणी विचारत नाही, पण सगळं त्याच्यासमोर घडतं आणि त्याच्याकडे लिहिलेलं असतं. त्या जोरावर हे पत्र. विनंती एकच आहे. सीझनची पहिली मॅच, जिला आपण ‘उद्घाटनाचा सामना’ म्हणता, ती ठरल्या वेळेला, ठरल्या ओव्हरची आणि कोरड्या पिचवर होऊ द्या. सत्कार, फेटे, भाषणं यांना आमची ना नाही. ती मॅचच्या पोटात शिरू नयेत, एवढंच.

गेल्या सीझनला उद्घाटनाची मॅच आमच्या वाट्याला आली. लॉट पाडताना चिठ्ठी निघाली तेव्हा नव्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. जुने, ज्यांनी ही मॅच आधी कधी खेळली होती, ते गप्प बसले. नियमावलीत जाड अक्षरात होतं: ‘रिपोर्टिंग सकाळी 7.30. वेळेवर न आल्यास समोरच्या संघाला पुढे चाल देण्यात येईल.’ आमचा ओपनर पिरंगुटला कंपनीत आहे. नाईट सुटल्या सुटल्या तसाच गाडीवर बसून आला, अंगात कंपनीचा शर्ट, पिशवीत जर्सी. समोरच्या संघाचे दोघं हिंजवडीहून, एक जण तर मुंबईहून रात्रीच्या गाडीने. सगळे वेळेत. दोन्ही अंपायर शेजारच्या तालुक्यातले, त्यांनी आठच्या आत स्टंप ठोकले, पांढरी फक्की मारलेली बाउंड्री फिरून बघितली, चेंडूचं पाकीट फोडायला घेतलं.

मग निरोप आला, पाहुणे वाटेत आहेत.

पुणे जिल्ह्यात ‘वाटेत आहेत’ म्हणजे माणूस अंघोळीला गेला आहे असं समजावं. साडेआठ झाले, नऊ झाले. पोरांनी वॉर्म-अप केलं, गार झाली, पुन्हा केलं, पुन्हा गार झाली. डीजेवाल्याने तीच चार गाणी फिरवून फिरवून लावली. ओपनर बांधावर टॉवेल तोंडावर घेऊन चक्क झोपला आणि मी त्याला उठवलं नाही, कारण त्याची ती रात्र होती. पावणेअकराला गाड्यांचा ताफा आला. पार्किंगसाठी पलीकडच्या शेतात दोरी बांधून जागा ठेवली होती. ताफा दोरीपाशी थांबला नाही, सरळ आत येऊन स्क्वेअर लेगला उभा राहिला. खाचराची जमीन वरून वाळलेली दिसते, चार बोटं खाली ओल धरून असते. गाड्या वळल्या तिथे चाकांच्या दोन खोल चऱ्या पडल्या. दुपारच्या मॅचला एका फिल्डरचा पाय त्याच चरीत मुरगळला. ते वेगळं.

पुढचा कार्यक्रम आपल्याला पाठ आहे. वाऱ्यात दीपप्रज्वलन, म्हणजे काडी, विझली, काडी, विझली. प्रास्ताविक. सत्कारमूर्तींची यादी, मग यादीत राहून गेलेल्यांची यादी, मग ‘अनवधानाने नाव राहिलं असल्यास क्षमस्व’ म्हणून आणखी चार नावं. एका पाहुण्यांनी भाषणात खेळाचं महत्त्व सांगितलं. खेळाडू उन्हात उभे राहून ते ऐकत होते. आणि मग सगळे मिळून पिचवर गेले.

इथे थोडं थांबून पिचबद्दल सांगतो, कारण पत्रिकेत पिचचा उल्लेख कधीच नसतो.

खाचरातलं पिच काही तिथे उगवत नाही. आधी भाताची धसकटं कुदळीने उपटावी लागतात, नुसती कापून चालत नाही, कारण राहिलेला एक खुंट चेंडूला कुठल्या कुठे नेतो. मग ढेकळं फोडायची, लेव्हल बघायची, चाळलेली माती ट्रॅक्टरने आणून पसरायची. संध्याकाळी पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी ओल नेमकी असेल तेव्हा रोलर. जास्त ओल असली तर माती रोलरला चिकटून उचलून येते, कमी असली तर वरच्यावर पापुद्रा धरतो आणि आत भुसभुशीत राहते. ही वेळ साधणारा गावात एखादाच असतो. आमच्याकडे तो चपला काढतो, अनवाणी पायाने चालून बघतो आणि म्हणतो, अजून अर्धा तास. हे सलग काही दिवस, कामावरून आल्यावर, गाडीच्या लाइटमध्ये. शेवटच्या रात्री दव पडू नये म्हणून ताडपत्री. एवढं केल्यावर 22 यार्डांची, म्हणजे 20.12 मीटर लांब आणि 3.05 मीटर रुंद अशी एक पट्टी तयार होते.

त्या पट्टीवर गेल्या वर्षी चपला-बुटांसकट तीसेक माणसं उभी राहिली. फोटोसाठी जवळ या, अजून जवळ या. हळद-कुंकू वाहिलं. आणि नारळ फोडला. स्टंपच्या मागे नाही, बाजूला नाही. फोटोत स्टंप, बॅनर आणि पाहुणे तिन्ही यावेत म्हणून अशा जागी फोडला, जिला बोलिंग करणारा कोणीही डोळे झाकून गुड लेंथ, म्हणजे चेंडू टाकायची नेमकी जागा, म्हणेल. नारळ चांगला पाणीदार निघाला. पाणी मातीत मुरलं, दोन ताटल्यांएवढा डाग पडला. करवंटीचे तुकडे आमच्या कीपरने वाकून वाकून गोळा केले.

क्रिकेटच्या नियमांत पिचच्या मधल्या पट्ट्याला संरक्षण आहे. दोन्ही बाजूंच्या पॉपिंग क्रीजपासून, म्हणजे बॅट्समनसमोर आखलेल्या रेषेपासून, पाच फूट पुढे तो पट्टा सुरू होतो, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट. बोलरने चेंडू टाकून झाल्यावर धावत त्यात पाय घातला की अंपायर ताकीद देतो, दुसऱ्यांदा घातला तर शेवटची ताकीद, आणि तिसऱ्यांदा घातला तर त्या डावात त्याची बोलिंग बंद. एवढा जपायचा पट्टा. पाहुण्यांना ताकीद कोण देणार? दोन्ही अंपायर हाताची घडी घालून बाजूला उभे होते. त्यांचं मानधन मंडळच देतं.

आपल्या जिल्ह्याला पिचचं महत्त्व नव्याने सांगायला नको. गहुंजे हे मावळातलंच गाव. तिथल्या स्टेडियमवर फेब्रुवारी 2017 मध्ये पहिली कसोटी झाली आणि ती तिसऱ्याच दिवशी संपली. भारत 333 धावांनी हरला, ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत 35 धावांत 6 असे 12 बळी घेतले, आणि आयसीसीने त्या खेळपट्टीला ‘पुअर’ असा शेरा दिला. जगभर चर्चा झाली, पेपरात रकाने भरले. आमच्या पिचवर नारळ फुटतो तेव्हा शेरा द्यायला कोणी रेफ्री येत नाही, आणि त्या पिचवर आम्हालाच बॅटिंग करायची असते.

पिचपूजन झाल्यावर मानाचा चेंडू. एका पाहुण्यांनी बॅट घेतली, दुसऱ्यांनी चेंडू. पहिला चेंडू डोक्यावरून गेला. दुसरा पोचलाच नाही. तिसऱ्याला बॅट हलली, चेंडू हलला नाही. फोटोग्राफर म्हणाला साहेब अजून एकदा. असं चालता चालता एक चेंडू बॅटला लागला, टाळ्या झाल्या, ‘पुन्हा एकदा जोरदार टाळ्या’ झाल्या, आणि सव्वाबाराला मैदान आमच्या ताब्यात आलं.

त्याच वेळी आयोजकांपैकी एक जण स्कोअररच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, “दादा, पहिली मॅच चार ओव्हरची करू. पुढच्या टीम खोळंबल्यात.”

त्याची अडचण मला कळते. हिशेबच मांडतो. टेनिस क्रिकेटला ओव्हर साधारण चार मिनिटांची. आठ ओव्हरचा डाव वाइड-नो धरून पस्तीस मिनिटं. दोन डाव, मधली सुट्टी आणि पुढच्या संघाची तयारी मिळून एका मॅचला दीड तास. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सव्वाआठला पहिला चेंडू पडला तर पावणेसहापर्यंत सहा मॅच आरामात बसतात. पण पहिला चेंडूच सव्वाबाराला पडला तर चार तास गेले, म्हणजे अडीचहून जास्त मॅच गेल्या. त्या कुठून तरी कापाव्याच लागतात. मग कात्री पहिल्या मॅचवर, कारण दुपारच्या मॅचला नावाजलेले संघ असतात, यूट्यूबवर लाइव्ह बघणारे तेव्हा वाढतात, आणि मोठ्या संघाचा कप्तान ओव्हर कमी करायला ऐकत नाही. आम्ही ऐकतो. पाऊस आला तर नवं टार्गेट ठरवायला डकवर्थ-लुईस आहे. पाहुणे आले तर काही नाही.

चार ओव्हरची मॅच म्हणजे आठ ओव्हरच्या मॅचचा निम्मा भाग, असं आपल्याला वाटत असेल तर तसं ते नाही. आठ ओव्हरमध्ये एका बोलरला दोन, म्हणजे निदान चार बोलर लागतात, पाचवा राखून ठेवावा लागतो. पहिल्या दोन ओव्हर बघून खेळायच्या, तिथून पुढे लावायचं, विकेट गेली तर एखादी ओव्हर सांभाळून घ्यायची, हा विचार करायला जागा असते. चार ओव्हरला विचारच नाही. पहिल्या चेंडूपासून आंधळी फेक. आमच्या स्पिनरला बोलिंग मिळाली नाही. पाच नंबरच्या खाली कोणाला बॅट मिळाली नाही. सतरा वर्षांचा एक पोरगा त्या दिवशी गावाकडून पहिल्यांदा उतरला होता, घरून आईने डबा देऊन पाठवलं होतं; त्याला लाँग ऑनला उभा केला, त्याच्याकडे एकही चेंडू गेला नाही. त्याने बाउंड्रीवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा केल्या, कारण अंपायर म्हणाले फक्की दिसत नाही.

आणि आमचा ओपनर. झोपेतून उठून तोंडावर पाणी मारून गेला. दुसरा चेंडू मिडविकेटच्या बांधावरून गेला, सिक्स. कॉमेंट्रीवाल्याने शंभर रुपयांचं बक्षीस पुकारलं. तिसरा चेंडू नेमका त्या डागावर पडला. टेनिसचा नवा चेंडू कोरड्या मातीवरून सपकन येतो. हा पडला, मातीत बसल्यासारखा झाला आणि थांबून वर आला. बॅट फिरून गेली होती. वरची कड लागून चेंडू सरळ आकाशात, बोलरनेच दोन पावलं पुढे येऊन झेल घेतला. ओपनर काही बोलला नाही. जाता जाता त्याने बॅटच्या टोकाने तो डाग दोनदा ठोकला. मी वहीत ‘झे. व गो.’ लिहून पुढे बोलरचं नाव लिहिलं. नारळाला स्कोअरबुकात रकाना नाही.

आम्ही 5 धावांनी हरलो. हरण्याचं काही नाही, आम्ही बऱ्यापैकी सराईत आहोत. पण स्पर्धा नॉकआउट. प्रवेश फी भरून, अकरा माणसांच्या सुट्ट्या घालवून, पाच महिन्यांच्या पावसानंतर पहिल्यांदा मैदानात उतरलेला संघ चोवीस चेंडू खेळून दुपारी एकला घरी. पहिल्या मॅचला संघाला स्वतःची ओळख होते. कोणाचा हात सुटतोय, कोणाच्या पोटावर दिवाळीचा फराळ बसलाय, गेल्या वर्षीचा बोलर अजून तेवढा जोरात येतो का, नव्या पोराला उंच झेलाखाली उभं राहता येतं का. नेटमध्ये, अंगणात, रस्त्यावर हे कळत नाही. त्यासाठी पूर्ण मॅच लागते.

‘ओव्हर कमी केल्या तर असं काय बिघडतं’ असं मला एका आयोजकाने नंतर विचारलं होतं. आपल्याच पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने नोव्हेंबर 2022 मध्ये अहमदाबादला विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध एका ओव्हरमध्ये 7 सिक्स मारले. एक नो-बॉल धरून त्या एका ओव्हरमध्ये 43 धावा निघाल्या. ती डावातली 49 वी ओव्हर होती. कोणी ‘पाहुणे खोळंबलेत, पंचेचाळीसचीच करू’ म्हणालं असतं तर?

आणि अर्धवट सोडलेल्या डावाचं म्हणाल तर पुण्याला ते दुखणं जुनं आहे. डिसेंबर 1948, पूना क्लबचं मैदान, रणजी करंडकात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद. डॉन ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम 452 चा, म्हणजे मोडायला फक्त 10 धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या होत्या. काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे संस्थानिक, ठाकोरसाहेब. त्यांना वाटलं आता फार झालं, आणि त्यांनी मॅच सोडून दिली. निंबाळकर 443 वरच राहिले. पुढे त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. प्रथम श्रेणीत चारशेच्या पुढे गेलेला भारतीय म्हणून आजही त्यांचंच नाव घेतात, आणि नाव घेताना प्रत्येक जण त्या राहिलेल्या धावांबद्दल हळहळतो. आमच्या ओपनरची आणि निंबाळकरांची बरोबरी मी करत नाही. पण खेळणाऱ्याचा खेळ दुसऱ्या कोणाच्या मानापानावर थांबवायचा, हे तेव्हाही बरं दिसलं नव्हतं.

आता आपली बाजू. मला ती मान्य आहे. पाहुणे नसतील तर बक्षिसाची रक्कम कोण देणार, ट्रॉफ्या कोण आणणार, मांडव, लाइव्ह, चेंडूंचे बॉक्स, अंपायर, जेवण याचा खर्च कुठून निघणार? प्रवेश फीमध्ये यातलं निम्मंही भागत नाही, हे वही सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं. निवडणुका जवळ आल्या की चषक वाढतात, बक्षिसं फुगतात, आणि त्या पैशावर आमचीच पोरं खेळतात. म्हणून पाहुण्यांना बोलवू नका असं म्हणणारा मी नाही. बोलवा, पण सकाळी आठला कशाला? सकाळी आठला मैदानावर असतात दोन संघांचे बावीस जण, दोन अंपायर, डीजेवाला, चहावाला आणि मी. भाषण ऐकायला म्हणाल तर खरी गर्दी दुपारी साडेबारा-एकला असते, जेवायला. बाजूच्या सहा गावांची माणसं तेव्हा येतात, म्हातारी मंडळी येतात, शाळेची पोरं येतात. पाहुणे तेव्हा आले तर त्यांनाही चार माणसं दिसतील आणि त्या माणसांनाही पाहुणे दिसतील. तिसऱ्या आणि चौथ्या मॅचच्या मध्ये सत्काराला वेळच राखून ठेवा. उद्घाटन दुपारी झालं म्हणून चषकाचं काही कमी होत नाही.

सकाळीच यायची हौस असेल तर तेही चालेल, पण मग आठ म्हणजे आठ. टॉस त्यांच्या हस्ते, आले असतील तर. नसतील तर अंपायर नाणं उडवतील, ते त्यासाठीच आलेले असतात. ‘वेळेवर न आल्यास पुढे चाल’ हा नियम संघांना लावता, तो टॉसलाही लावा.

नारळ बाउंड्रीच्या बाहेर, स्टेजसमोर फोडा. देवाला तिथलाही पोचतो. मानाचा चेंडू खेळायचाच तर बाजूच्या खाचरात खेळा, आमच्या संघातला कोणीही हळू चेंडू टाकून द्यायला येईल, बॅटला लागेपर्यंत टाकेल. फोटो बाउंड्रीवर काढा. गाड्या दोरीच्या पलीकडे. आणि एवढं करूनही उशीर झालाच, तर ओव्हर पहिल्या मॅचच्या एकटीच्या कापू नका. दिवसातल्या सगळ्या मॅचची एकेक ओव्हर कमी करा, नाहीतर शेवटची मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. ज्यांची मॅच निम्मी केली त्यांची निम्मी फी परत, असं नियमावलीत एकदा लिहून तर बघा. पाहुण्यांना वेळेवर आणायची जबाबदारी कोण कोण घेतं ते दिसेल.

सत्काराबद्दल मात्र माझं जास्त मागणं आहे, कमी नाही. आपण चुकीच्या माणसांचे सत्कार करता. पन्नास मीटरची बाउंड्री धरली तर मैदानाला 78 गुंठे लागतात, दोन एकरांना जेमतेम दोनच गुंठे कमी. आमच्याकडे ते दोन-तीन भावकीच्या खाचरांत मिळून होतं. भात निघाल्यावर त्याच ओलीवर हरभरा, मसूर, वाल टाकतात. ज्याने मैदानाला जमीन दिली त्याने तेवढं पीक सोडलं, वर बांधावर लोकांच्या चपला सोसल्या, वर पुढच्या जूनमध्ये रोलरने दाबलेली जमीन त्यालाच नांगरायची आहे. रस्त्याकडेच्या जमिनी प्लॉटिंगला निघालेल्या असताना, गुंठ्याचा भाव चहाच्या टपरीवर रोज निघत असताना, कोणी 78 गुंठे चार महिने खेळायला देतं. त्याचं नाव फ्लेक्सवर शेवटच्या ओळीत तरी असतं का? गेल्या वर्षी नव्हतं. तो माणूस मांडवाच्या मागे पाण्याचे जार उतरवत होता.

आणि तो अनवाणी चालून बघणारा. पुण्याला याचाही इतिहास आहे. फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर पिचला रोलर मारायचे, नेट बांधायचे आणि साहेबांना सरावासाठी बोलिंग टाकायचे. त्यांना तिथे बॅट मात्र कोणी फारशी धरू दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाकडून खेळतानाही जातीमुळे चहा वेगळ्या भांड्यात. त्याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभरावर बळी घेतले. पिच राखणाऱ्याला पिचची माती किती कळते याचा दाखला आणखी कुठे शोधायला जायचा? आमचा पिचवाला कधी बोलिंग टाकत नाही, त्याला कोणी विचारलेलंही नाही. त्याला एक फेटा बांधा. तो नको म्हणेल, लाजेल, बांधाच.

यंदाची पहिली मॅच तोंडावर आली आहे. लॉट अजून पडायचे आहेत. उद्घाटनाची चिठ्ठी कोणाच्या नावाने निघेल ते सांगता येत नाही, आमच्या निघाली तर आम्ही साडेसातला हजर असू. ओपनरने या वेळी नाईट बदलून घेतली आहे. लाँग ऑनच्या पोराला कप्तानाने सांगितलंय, तू तीन नंबरला. आठ ओव्हर असतील हे गृहीत धरून सांगितलंय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एका गावच्या संघाचा स्कोअरर
ता. मुळशी, जि. पुणे

ता. क. रात्री पिच झाकायला ताडपत्री कमी पडत असेल तर आमच्याकडे एक मोठी आहे. आदल्या दिवशी दुपारपर्यंत निरोप द्या, पोरं टेम्पोत टाकून आणून देतील.